खिळ्यावरची किल्ली

"तार कुणी काढली?"

"मी काढली."

"कुणाला विचारून?"

"विचारलं असतं तर तू काढू दिली असतीस?"

मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते आणि भिंतीपलीकडे, खडीच्या आवारात, दोघे भाऊ भांडत होते. पहिला आवाज आमच्या ह्यांचा, दुसरा धाकट्या दिरांचा. घर आणि आवार यांच्यात एकच भिंत, तीही अशी की पलीकडे कोणी शिंकलं तर इकडे आपण नाक पुसावं. त्यामुळे मी चोरून ऐकलं असं काही म्हणता येणार नाही. कानावर आलं. कपडे पिळायचे सोडून मी भिंतीला टेकून उभी राहिले, ती गोष्ट वेगळी.

"दादा, दांडा वर केला की मशीनचे हात बंद पडायलाच पाहिजेत. त्यासाठीच केलंय ते."

"आणि बटणात धूळ जाऊन दांडा खाली असतानाही बंद पडतात, त्याचं काय? टेंपोवाले बोंबलतात ते कुणाच्या नावानं?"

"बटण साफ करू, नवीन बसवू. पण तार लावून मशीनला फसवायचं नाही."

"फसवायचं नाही म्हणे! तुझी सासू लागते का ती?"

मला हसू आलं. पुढचं ऐकलं आणि ते ओठावरच राहिलं.

"बारक्या, मोठा मी की तू?"

"तू."

"मग माझ्या मशीनला परत हात लावायचा नाही. लावलास तर मला दादा म्हणू नकोस."

भावजींनी सगळं सोडलं असतं, दादा म्हणणं सोडायची मात्र त्यांची तयारी नव्हती. म्हणून ह्यांनी तार परत लावली तेव्हा त्यांनी हात लावला नाही.

हे मशीन काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लोडर म्हणतात त्याला, आमचे हे तो चालवायचे. फार मोठं नाही, एका खोलीत मावेल एवढं. चार ठेंगणी चाकं. वळायचं झालं की जागच्या जागी गिरकी घेतं, हट्टाला पेटलेल्या पोरासारखं. माणूस बसतो तो पिंजरा मधोमध, त्याच्या दोन्ही बाजूंनी लोखंडाचे दोन हात पुढे येतात आणि हातांच्या टोकाला बकेट. खडी उचलायची, टेंपोत ओतायची. त्याची वाईट खोड एकच, आत जायला दार बाजूला नाही, समोरून आहे. बकेटवर पाय देऊन, त्या दोन हातांच्या मधून आत शिरायचं आणि तिथूनच बाहेर यायचं. बकेट जमिनीवर असेल तर काही नाही. पण हात वर असताना कोणी त्या दारातून बाहेर वाकलं, तर आपल्या डोक्यावर काय टांगलंय ते त्याला दिसत नाही. म्हणून बसल्यावर मांडीवर ओढून घ्यायचा एक आडवा दांडा असतो. दांडा वर केला की मशीनचे हात जागेवर थिजतात, मग पायाखालचे खटके कितीही दाबा. ह्यांनी तारेचा एक तुकडा जोडून मशीनची अशी समजूत करून दिली होती, की दांडा कायम खालीच आहे.

भांडणानंतर फार दिवस गेले नाहीत. त्या दिवशी खडीत चिखल होता, बकेटला चिकटत होता, आणि बकेटच्या मागे एक दगड अडकला. ह्यांनी मशीनचे हात वरच ठेवले, इंजिन चालूच ठेवलं, पट्टा सोडला, दांडा उचलला आणि दगड काढायला पिंजऱ्यातून बाहेर वाकले. वाकताना पाय कुठेतरी टेकवावा लागतोच. तो खटक्यावर टेकला.

त्यापुढचं मी लिहिणार नाही. भिंत पातळ होती, एवढंच सांगते.

भावजी तेव्हा आवारात वजनकाट्यावर कामाला होते. इंजिन त्यांनीच बंद केलं. ती तार त्यांनीच काढली. लोक येऊन गेले, रडून गेले, घर रिकामं झालं, आणि एका संध्याकाळी भावजी दारात उभे राहिले. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा त्यांना मिसरूडही फुटलं नव्हतं. एवढ्याशा पोराला 'अहो भावजी' म्हणताना मला हसू यायचं आणि ते मला सरळ 'वहिनी, तू' म्हणायचे. तसेच ते त्या दिवशी उभे होते, अंगणात बॉल आलाय तो मागायला आल्यासारखे.

"वहिनी, भिंतीत एखादा खिळा आहे का?"

"कशाला?"

त्यांनी मूठ उघडली. मशीनची किल्ली. तिला तारेचं एक कडं अडकवलेलं. कुठली तार ते मी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती.

"मी बसणार आहे मशीनवर," ते म्हणाले.

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? एक गेला तेवढ्यानं भागलं नाही?"

"दुसरा कोणी बसला तर तो परत तार लावेल. मी नाही लावणार."

"मग मला कशाला सांगता?"

"किल्ली तुझ्याकडे राहील. मशीनमध्ये राहिली की कोणीही चढतं. मी रोज संध्याकाळी आणून देईन, सकाळी घेऊन जाईन. आणि देताना तू विचारायचं."

"काय विचारायचं?"

"दांडा, पट्टा, मागे बघणार का. संध्याकाळी विचारायचं, बकेट कुठेय."

ते कड्याशी चाळा करत होते.

"अजून एक. ज्या दिवशी तुला दिसेल की मी आता मशीनवर बसण्याजोगा राहिलो नाही, त्या दिवशी किल्ली द्यायची नाही. मी भांडेन. मोठ्यानं भांडेन. तरी द्यायची नाही. मी दादाचं ऐकलं, वहिनी. तू माझं ऐकू नकोस."

स्वयंपाकघराच्या दाराशी एक खिळा होता, त्यावर मी गाळणं अडकवत असे. गाळणं काढलं. ते आजतागायत इकडून तिकडे फिरतंय, त्याला कायमची जागा मिळाली नाही.

तेव्हापासून रोज सकाळी आमची ती प्रश्नोत्तरं. "दांडा?" "ओढणार." "पट्टा?" "बांधणार." "मागे?" "मान वळवून बघणार." मग मी किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवायची. संध्याकाळी ते आले की मी विचारायची, "बकेट कुठेय?" आणि ते म्हणायचे, "जमिनीवर आहे." मग तांब्याभर पाणी प्यायचं, भांडं पालथं घालायचं आणि गल्लीपलीकडच्या आपल्या घरी जायचं. पुढे लग्न झालं, जाऊबाई आल्या. त्यांना पहिल्या आठवड्यातच हा प्रकार कळला. मला म्हणाल्या, "बरं आहे बाई, किल्ली थोरल्या जावेकडे. मी काय मग कुलूप?" पण कधी वाईट वाटून घेतलं नाही. उलट भावजी घरी उशिरा पोचले की तिकडूनच ओरडायच्या, "वहिनी, जमिनीवर आलं का आमचं विमान?"

आवारात त्यांची टिंगल व्हायची. पाणी प्यायला उतरायचं तरी बकेट जमिनीला टेकवणार, इंजिन बंद करणार, मग पट्टा, मग दांडा, आणि उतरताना तोंड मशीनकडे, दोन्ही हातांनी धरून, शिडीवरून उतरल्यासारखं. टेंपोवाले ताटकळायचे. "बसा आता, राजेसाहेब सिंहासनावरून उतरतायत." सारखं जमिनीवर, जमिनीवर म्हणतात म्हणून कोणीतरी 'जमीनदार' नाव ठेवलं, ते चिकटलं. एक गुंठा नावावर नसलेला जमीनदार! त्यांनाही ते आवडायचं बहुतेक. कोणी तशी हाक मारली की टोपी सारखी करायचे.

एकदा आवाराच्या मालकांनीच सांगितलं, "अरे, मला बकेटमध्ये घे आणि वर कर, खांबावरचा दिवा बदलतो."

"शिडी आणा."

"शिडी कोण आणणार आता? दोन मिनिटांचं काम."

"मालक, खडी पडली तर परत भरता येते."

मालक चिडून गेले आणि शिडी घेऊन आले. ती भावजींनी वर दिवा बदलून होईपर्यंत खालून दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली. हे मी भिंतीवरून पाहिलं. तोवर मला स्टूल ठेवून बघायची सवय लागली होती.

खरं सांगायचं तर मला ते मशीन बघवत नसे, आणि बघितल्याशिवाय राहवतही नसे. भरलेली बकेट घोट्याइतकी खाली ठेवून भावजी चढ चढायचे, बकेट चढाकडे. रिकामी झाली की मागे मागे चढायचे, मान मागे वळवून. मी विचारलं, हे असं उलटंसुलटं का? तर म्हणाले, "भरलेली बादली घेऊन तू पायऱ्या चढतेस तेव्हा बादली पुढे धरतेस ना? मागे धरलीस तर ती तुलाच घेऊन खाली येईल. मशीनचं तेच. जड अंग चढाकडे. बकेट रिकामी असली की जड अंग मागचं, इंजिनाचं." त्यानंतर मी पायऱ्या चढताना उगाच बादलीकडे बघायला लागले.

अशी वर्षं गेली. जुनं मशीन गेलं, नवं आलं. खटके जाऊन हातातल्या मुठी आल्या. किल्ली बदलली, कडं तेच राहिलं. माझे केस पिकले, त्यांचे गेले.

आधी लक्षात आलं ते जाऊबाईंच्या. दुपारी येऊन बसल्या आणि पदराशी चाळा करत म्हणाल्या, "वहिनी, हे पानातलं डावीकडचं खात नाहीत."

"आवडत नसेल."

"मी मुद्दाम आवडीचं वाढलं तिकडे. तसंच राहिलं. ताट फिरवून दिलं तर म्हणाले, अरे, हे कधी वाढलंस?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. डॉक्टरांकडे नेलं. डोळ्यातला दाब वाढला होता, वाढून कितीतरी काळ झाला होता. समोरचं नीट दिसत होतं, बाजूचं जात चाललं होतं, डावीकडचं तर गेलंच होतं. थेंब दिले. गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं सांभाळा, असं सांगितलं. येताना भावजी वाटेत म्हणाले, "समोरचं दिसतंय ना? मग झालं. मी मान जास्त वळवीन."

आणि वळवायला लागले. कोंबडी बघते तसं, सगळी मान फिरवून. मी सकाळी विचारायची, "मागे?" ते म्हणायचे, "बघणार." मी किल्ली द्यायची. देताना माझा हात जड व्हायला लागला होता. पण मान तर वळवतायत, मी मनाशी म्हणायची. या माणसाच्या आयुष्यात दुसरं आहे काय? ना पत्ते, ना गप्पांचा कट्टा. सुट्टीच्या दिवशीही आवारात जाऊन मशीनच्या चाकातले खडे काढत बसायचे. किल्ली काढून घेतली तर ते संध्याकाळी कुठून येणार आणि सकाळी कुठे जाणार?

मग एका संध्याकाळी किल्ली अडकवताना त्यांचा खिळा चुकला. कडं भिंतीवर घासलं आणि किल्ली खाली पडली. इतक्या वर्षांत अंधारातसुद्धा चुकला नव्हता. त्यांनी वाकून उचलली, परत अडकवली, या वेळी आधी बोटानं खिळा चाचपून. मी विचारलं, "बकेट कुठेय?" "जमिनीवर आहे." पाणी न पिताच गेले.

थोड्या वेळानं एक टेंपोवाला दारात आला. रोजचा, गाणी म्हणत खडी भरून नेणारा. त्याला मी गाणारा म्हणते. आज गात नव्हता.

"आजी, आज जमीनदारांनी पाण्याचं पिंप चिरडलं."

"कुठलं?"

"डावीकडचं, भिंतीजवळचं. ओरडले, इथे कुणी ठेवलं म्हणून. आजी, ते पिंप मी आवारात यायला लागलो तेव्हापासून तिथेच आहे." त्यानं आपल्या पायांकडे पाहिलं. "एरवी मी तिथेच हातपाय धुतो."

एवढंच सांगून तो गेला.

सकाळी भावजी आले. आंघोळ करून, टोपी घालून, रोजच्यासारखे.

"दांडा?" मी विचारलं.

"ओढणार."

"पट्टा?"

"बांधणार."

"मागे?"

"बघणार."

"डावीकडे?"

हा प्रश्न आमच्यात कधी नव्हता. त्यांनी टोपी सारखी केली. मग हात पुढे केला. "किल्ली दे, वहिनी."

"नाही देणार."

"टेंपो उभे आहेत."

"राहू देत."

"पिंपाचं कुणी सांगितलं? त्या गाणाऱ्यानं? पिंपच होतं ना? माणूस होता का?"

"काल पिंप होतं."

त्यांचा आवाज चढला. शेजारपाजारचे दरवाजे उघडले. "मग काय करू मी घरात बसून? मलाही टांगून ठेवणारेस का खिळ्याला? इतकी वर्षं एक ओरखडा आला का कुणाला? एक? नवरा माझ्यामुळे गेला म्हणून आता सूड घेतेस का?"

ते बोलून गेले आणि तोंडावर हात ठेवला. मला रडू आलं नाही. इतकी वर्षं त्यांच्या पोटात काय होतं ते मला ठाऊकच होतं, आज फक्त बाहेर आलं.

मी म्हटलं, "भावजी, तुम्ही सांगितलं होतं, मी भांडेन, मोठ्यानं भांडेन."

"तेव्हा मला काय माहीत, तू खरंच लक्षात ठेवशील!"

"तू माझं ऐकू नकोस, असंही म्हणाला होतात. तेवढं एकच मी तुमचं ऐकतेय."

ते उंबऱ्यावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. पलीकडे आवारात टेंपोंचे हॉर्न वाजत होते. ते म्हणाले, "मीही तेव्हा असंच करायला पाहिजे होतं. त्यानं दादा म्हणू नकोस म्हटलं तर नसतं म्हटलं. बिनदादाचा राहिलो असतो, पण तो राहिला असता."

मी त्यांच्या शेजारी बसले. दिराशेजारी उंबऱ्यावर बसायची माझी ती पहिलीच वेळ. म्हटलं, "तुम्ही तार काढली होती. ती कुणी परत लावली, ते मीही ऐकलंय. भिंत पातळ आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सगळी मान वळवून. "तू ऐकलं होतंस?"

"सगळं. सासूपर्यंत."

त्यांना हसू आलं आणि हसता हसताच डोळे भरून आले. मग म्हणाले, "पाणी दे."

मालकांनी गाणाऱ्याला मशीन शिकायला पाठवलं. शिकून आला, कागद मिळाला आणि मशीनवर बसला. सकाळी किल्ली न्यायला माझ्याकडे येऊ लागला. "आजी, ही तोंडी परीक्षा रोज?" "रोज." "एखाद दिवस पास करा ना तशीच." "मग किल्लीही तशीच खिळ्यावर."

भावजी मात्र माझ्याकडे फिरकले नाहीत. जाऊबाई सांगायच्या, भिंतीकडे तोंड करून पडून असतात. पलीकडे इंजिन चालू झालं की उठून बसतात, बंद पडलं की परत आडवे होतात. जेवण निम्मं, आणि आता दोन्हीकडचं निम्मं. मला माझ्या हातांचा राग यायचा. पण मी किल्ली परत दिली नसती, हेही तितकंच खरं.

एका संध्याकाळी गाणारा वेळेवर आला नाही. मी भिंतीपाशी गेले तर पलीकडे भावजींचा आवाज. कसा, तर पूर्वीसारखा.

"हात वर ठेवून उतरलास? आणि किल्ली आत?"

"दोन मिनिटांसाठी गेलो होतो हो जमीनदार..."

"चढ. पट्टा बांध. दांडा ओढ. आता बकेट खाली घे. टेकव. अजून. माती लागल्याचा आवाज आला पाहिजे. हं. आता इंजिन बंद. आता उतर, तोंड मशीनकडे. दे ती किल्ली इकडे."

आणि भावजी दारात आले. वाळले होते, सदरा खांद्यावरून घरंगळत होता. डाव्या हाताच्या बोटानं खिळा शोधला, मग उजव्या हातानं किल्ली अडकवली.

"बकेट कुठेय?" मी विचारलं.

"जमिनीवर आहे."

तेव्हापासून सकाळचं गाणाऱ्याकडे आणि संध्याकाळचं भावजींकडे. काम सुटायच्या वेळी ते आवारात जायचे, मशीनभोवती एक फेरी मारायचे, बकेट टेकलीय ना ते पायानं बघायचे, किल्ली घ्यायचे आणि इकडे यायचे. डोळ्यांचं आणखी कमी होत गेलं, छातीतही कफ धरला. शेवटच्या दिवसांत जाऊबाई म्हणायच्या, "गाणारा आणून देईल की." त्यावर ते फक्त चपला शोधायचे.

ज्या सकाळी ते उठले नाहीत, तिच्या आदल्या संध्याकाळीही आले. पायांचा आवाज गल्लीतून ऐकू आला, मध्ये थांबत, खोकत. दारात आले. बोटानं भिंत चाचपली, खिळा सापडला, किल्ली अडकवली. कडं जरा हललं आणि स्थिर झालं.

"बकेट कुठेय?"

"जमिनीवर आहे."

तांब्यातलं पाणी प्यायले, सगळं. भांडं पालथं घातलं. चपला पायात सरकवल्या. उंबऱ्यावर थांबून मान डावीकडे पूर्ण वळवली, मग उजवीकडे पूर्ण वळवली, गल्लीत कोणी नाही याची खात्री केली, आणि घरी गेले.